गमावलेल्या अवयवाचा दावा : उमरगा आणि नुकसानभरपाईच्या हक्काची वाटचाल

अपघातात हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला मिळणारी रक्कम ही मेहेरबानी समजायची की हक्क, आणि ती ठरवताना गेलेल्या अवयवाचे मोल करायचे की त्या अवयवावर चालणाऱ्या कामाचे, या दोन प्रश्नांभोवती भारतातील अपघात-भरपाईचा कायदा दीडशेहून अधिक वर्षे घडत आला आहे. या घडणीचा अभ्यास साधारणपणे मुंबईच्या गिरण्यांवरून आणि दिल्लीच्या न्यायालयांवरून केला जातो. परंतु धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या उमरगा तालुक्यातून तो पाहिला, तर कायदा झाला केव्हा आणि तो माणसापर्यंत पोहोचला केव्हा, यांतील अंतर स्पष्ट दिसते. उमरग्याला रेल्वे नाही. सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग, जो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ होता आणि आता ६५ या क्रमांकाने ओळखला जातो, तोच या गावाचा आधार आणि तोच त्याचा धोका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर, सोयाबीन, ज्वारी आणि उसाची शेती, त्या शेतीवर राबणारा मजूर, आणि काही मैलांवर बदलणारे राज्य, अशा परिस्थितीत अवयव गमावण्याचे प्रसंग दोनच ठिकाणी वारंवार येतात : रस्त्यावर आणि यंत्रापाशी. या दोन ठिकाणांसाठी दोन वेगळे कायदे झाले आणि दोन्ही उमरग्यात उशिरा पोहोचले.

कायद्यापूर्वीही कामी आलेल्या माणसाची काही दखल घेतली जात असे, हे खरे आहे. दख्खनच्या गावोगावी आढळणारे वीरगळ, म्हणजे लढाईत किंवा गुरे सोडवताना पडलेल्या वीराचे कोरीव स्मारकशिल्प, आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांतील बालपरवेशी, म्हणजे कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेली नेमणूक, ही त्याची ठळक उदाहरणे होत. मात्र अशा नेमणुका राज्यकर्त्याच्या इच्छेवर अवलंबून असत, त्या मुख्यतः लढाईत पडलेल्यांच्या नावे होत, आणि चरकात हात गेलेल्या गुऱ्हाळावरील मजुराला किंवा गाडीखाली पाय चिरडलेल्या गाडीवानाला त्यांत स्थान नव्हते. अशा माणसाचा भार त्याच्या घरावर आणि भाऊबंदांवर पडे.

ब्रिटिश अमलात या विषयावर झालेला पहिला कायदा म्हणजे १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना भरपाईचा दावा करता यावा, एवढाच त्याचा हेतू होता. जिवंत राहिलेल्या पण हात तुटलेल्या माणसासाठी वेगळा कायदा नव्हता. त्याला दिवाणी न्यायालयात अपकृत्याचा, म्हणजे करार नसतानाही एकाने दुसऱ्याचे केलेल्या नुकसानीचा, दावा लावावा लागे. त्यासाठी न्यायालयीन शुल्क भरायचे, मालकाची चूक पुराव्याने सिद्ध करायची, आणि इंग्रजी कायद्यातून आलेल्या दोन बचावांना तोंड द्यायचे. पहिला बचाव असा की ज्याच्या चुकीने इजा झाली तो सहकामगार असेल, तर मालक जबाबदार नाही; दुसरा असा की ज्याने धोक्याचे काम पत्करले त्याने धोकाही पत्करला. भारतात या बचावांना कायद्याने आळा बसायला १९३८ चा मालक दायित्व अधिनियम यावा लागला. हातावर पोट असणाऱ्या माणसाला, तो हातच गेल्यावर, या वाटेने न्याय मिळणे अशक्यप्राय होते.

हक्काची भाषा मराठी मुलखात प्रथम बोलली गेली ती मुंबईच्या गिरणगावात. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्या वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे दिले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा आणि वेळेवर पगार या त्यातील मागण्या प्रसिद्ध आहेत, आणि लोखंड्यांचे नाव आज मुख्यतः रविवारच्या सुट्टीशी जोडले जाते. त्याच निवेदनातील पाचवी मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. गिरणीत काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती. तिच्यात मालकाची चूक सिद्ध करण्याची अट नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. इजा कामावर झाली, एवढ्यावरच सोय करण्याची जबाबदारी यावी, हे तत्त्व इंग्लंडच्या संसदेने १८९७ साली कायद्यात आणले. परळच्या कामगारांनी ते त्याआधी तेरा वर्षे मागितले होते. लोखंडे १८९७ मध्येच वारले. भारतात ती मागणी कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडले.

१९२३ चा कामगार भरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अमलात आला. नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात उद्भवलेल्या अपघातामुळे इजा झाली, तर मालकाची चूक असो वा नसो, त्याने भरपाई द्यावी, हा त्याचा गाभा होता. कामगार नशेत होता किंवा त्याने सुरक्षिततेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले होते, असे काही अपवाद त्याला होते. दावा दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्तापुढे चालायचा आणि तो काही ठरावीक मुदतीत लावायचा. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी प्रौढ कामगाराला बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळायची. आणि अपंगत्व अंशतः असेल, तर कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीतील टक्केवारीनुसार त्या रकमेचा भाग मिळायचा.

ही अनुसूची जवळून पाहण्यासारखी आहे. मूळच्या यादीत उजवा हात कोपरापाशी किंवा त्याच्या वर गेल्यास सत्तर टक्के आणि डावा तसाच गेल्यास साठ टक्के, कोपराखाली उजवा गेल्यास साठ आणि डावा गेल्यास पन्नास, पाय गुडघ्यापाशी किंवा वर गेल्यास साठ, गुडघ्याखाली गेल्यास पन्नास, अंगठ्याला पंचवीस आणि तर्जनीला दहा टक्के, असे दर होते. महिना तीस रुपये मिळवणाऱ्या कामगाराचा उजवा हात कोपरातून गेला, तर बेचाळीस महिन्यांचे १,२६० रुपये आणि त्यांचे सत्तर टक्के, म्हणजे ८८२ रुपये, एवढ्यावर हिशेब मिटायचा. १९६२ च्या दुरुस्तीने ही यादी बदलली, उजव्या-डाव्याचा भेद गेला, आणि त्याच्या जागी अधिक बारीक मोजमाप आले. खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास नव्वद टक्के. खांद्याच्या टोकापासून उरलेला भाग २०.३२ सेंटिमीटरांहून कमी असल्यास ऐंशी. त्याहून अधिक उरल्यास, पण कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटरांच्या आत कापला गेल्यास सत्तर. पूर्ण पंजा गेल्यास साठ. पायाचेही तसेच : मांडीच्या मध्याखालून गुडघ्याखाली ८.८९ सेंटिमीटरांपर्यंत गेल्यास साठ, त्याखाली गेल्यास पन्नास. हे विचित्र दशांश म्हणजे आठ, साडेचार आणि साडेतीन इंच होत. इंच गेले, सेंटिमीटर आले, पण मापाची रेघ जिथे होती तिथेच राहिली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने हाड किती उंचीवर कापले, यावर एका कुटुंबाच्या पुढच्या आयुष्यातील दहा टक्के ठरतात, ही बाब कायद्याच्या दृष्टीने सोयीची असली, तरी न्यायाच्या दृष्टीने अपुरी होती, आणि पुढील पन्नास वर्षांतील न्यायनिर्णयांचा बराचसा रोख हा अपुरेपणा दूर करण्याकडे राहिला.

उमरग्याला मात्र १९२३ च्या या कायद्याचा स्पर्शही झाला नव्हता, कारण हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. शेजारचे सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि तिथे १८७७ पासून कापडगिरणी चालू होती. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन कायदे होते : सोलापूरच्या गिरणीत बोटे गमावलेला कामगार, तो मूळचा निजामाच्या हद्दीतला असला तरी, आयुक्ताकडे दाद मागू शकत होता, पण त्याच्या गावी त्याच्या भावाचा हात चरकात गेला, तर ब्रिटिश हद्दीतला तो कायदा त्याच्या कामाचा नव्हता. संस्थानातील न्यायालयांचे कामकाज उर्दूत चाले, तर तालुक्यातील रयत मराठी आणि कन्नड बोलणारी. अर्ज कोणाकडून तरी लिहून घ्यायचा आणि निकाल कोणाकडून तरी वाचून घ्यायचा, ही रीत होती. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने सत्तावीस गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली आणि संस्थानाच्या रस्त्यांवर यांत्रिक वाहन हळूहळू रुळू लागले.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज याच रस्त्याने हैदराबादकडे निघाली. १३ तारखेला नळदुर्ग घेतल्यावर तिचा पहिला मुक्काम उमरग्यास पडला, असे या मोहिमेचा इतिहास सांगतो. राजकीय विलीनीकरण त्या आठवड्यातच झाले, कायद्याचे विलीनीकरण मात्र आणखी काही काळाने. १९५१ चा भाग ब राज्ये (कायदे) अधिनियम, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांना केंद्रीय कायदे लागू करणारा कायदा, १ एप्रिल १९५१ पासून अमलात आला आणि कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा हैदराबाद राज्यात पोहोचला. परळच्या निवेदनापासून तोवर साडेसहासष्ट वर्षे उलटली होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उमरग्याच्या दाव्यांचे अपील हैदराबादऐवजी मुंबईच्या उच्च न्यायालयात जाऊ लागले. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू होईपर्यंत ते अंतर तसेच राहिले.

कायदा आला तरी तालुक्यातील बहुसंख्य मजूर त्याच्या बाहेरच होता, कारण तो शेतमजूर होता. १९२३ चा कायदा दुसऱ्या अनुसूचीत नमूद केलेल्या कामांपुरता होता आणि बैल, विळा व खुरपे यांनी चालणारी शेती त्यात नव्हती. ट्रॅक्टर किंवा वाफेवर, यांत्रिक शक्तीवर अथवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती पुढे या अनुसूचीत आली, आणि उमरग्याच्या शिवारात हीच साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ लागली होती. मळणी यंत्र हे त्यांतील सर्वांत घातक ठरले. तुरीची किंवा हरभऱ्याची पेंडी यंत्राच्या तोंडात हाताने सारावी लागते. ओलसर काडी आत घेतली जात नाही म्हणून मजूर ती पुढे ढकलतो, आणि दाते अचानक पेंडी ओढतात तेव्हा मूठ सोडायला वेळ मिळत नाही. मळणी बहुधा रात्री उशिरापर्यंत चालते, कारण भाड्याचे यंत्र सकाळी दुसऱ्याच्या खळ्यावर जायचे असते. थकवा, धूळ, अपुरा उजेड आणि पट्ट्यात अडकणारा पदर किंवा उपरणे, यांमुळे धोका वाढतो. कडबा कापण्याच्या कुट्टी यंत्राचीही हीच कथा आहे. फरक एवढाच की ते घरच्या गोठ्यात असते आणि त्याच्यापाशी अनेकदा बायका आणि लहान मुले काम करतात.

या यंत्रांमुळे हात गमावणाऱ्यांची संख्या देशभर वाढल्यावर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. शक्तीवर चालणारे मळणी यंत्र त्यात नावानिशी नमूद आहे. यंत्र बनवणाऱ्याने सुरक्षिततेची रचना करावी, आणि यंत्रावर काम करताना मजुराचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, हे त्याचे दोन हेतू आहेत. कायदा चांगला होता. परंतु ग्रामीण भागात यंत्राचा मालक एक, खळ्याचा मालक दुसरा, आणि मजुराला बोलावणारा तिसराच असतो; हजेरीपट नसतो आणि मजुरी रोख किंवा धान्याने दिली जाते. अशा व्यवहारात मालक कोण, हा पहिलाच प्रश्न सुटत नाही. त्यातच २००० सालच्या दुरुस्तीपर्यंत, ज्याचे काम नैमित्तिक आहे आणि मालकाच्या धंद्यासाठी नाही, असा माणूस १९२३ च्या कायद्यातील कामगाराच्या व्याख्येतून वगळलेला होता; ही ओळ गेल्यावर दार काहीसे रुंद झाले. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावात कामगाराच्या जागी कर्मचारी हा शब्द आला.

रस्त्यावरील अपघातांची वाट वेगळी होती. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने वाहनाच्या मालकाला त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे वाहनामुळे ज्याचे नुकसान होईल अशा परक्या माणसासाठीचा विमा, सक्तीचा केला. ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. पण विमा असला तरी दावा दिवाणी न्यायालयातच लावायचा होता. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली आणि ती फेब्रुवारी १९५७ पासून लागू झाली, म्हणजे उमरगा मुंबई राज्यात आल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत. नाममात्र शुल्क, सोपी कार्यपद्धती आणि विमा कंपनी समोर असल्यामुळे वसुलीची खात्री, हे या न्यायाधिकरणाचे लाभ होते. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट कायम होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मुंबईतून आलेल्या मिनू मेहता खटल्यात ती अट ठामपणे सांगितली. रात्री महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या माणसाला ट्रकने ठोकरले आणि शुद्धीवर आल्यावर त्याला आपला पाय नसल्याचे कळले, तर चालकाची चूक तो कोणत्या साक्षीने सिद्ध करणार, याचे उत्तर त्या निकालात नव्हते. विधी आयोगाने १९८० मध्ये दोषाशिवाय दायित्वाची शिफारस केली आणि १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूला १५,००० व कायम अपंगत्वाला ७,५०० रुपये चूक सिद्ध न करता देण्याची तरतूद झाली. एखादा अवयव किंवा सांधा कायमचा गमावणे हे कायम अपंगत्व होय, असे त्याच दुरुस्तीत स्पष्ट केले गेले. १९८८ च्या नव्या अधिनियमाने या रकमा २५,००० आणि १२,०००, तर १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि २५,००० झाल्या.

१९९४ ची ही दुरुस्ती उमरग्याच्या दृष्टीने दुसऱ्याच एका कारणासाठी महत्त्वाची होती. तोपर्यंत दावा जिथे अपघात झाला तेथील न्यायाधिकरणापुढेच लावावा लागे. महामार्गाने पूर्वेकडे थोडे गेले की बीदर जिल्हा लागतो आणि तालुक्यातील माणसांचे येणेजाणे बसवकल्याण, हुमनाबाद व आळंद या बाजारगावांशी नित्याचे असते. सीमेपलीकडे अपघात झाला, की पाय गमावलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातील न्यायालयात, कन्नडमधील पोलीस कागदांसह, वर्षानुवर्षे तारखांना हजर राहायचे, हा त्या नियमाचा परिणाम होता. नव्या तरतुदीने दावेदार जिथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करण्याची मुभा दिली, आणि त्याच वेळी अर्जाची सहा महिन्यांची मुदतही काढून टाकली. मोठमोठ्या रकमांच्या निकालांना जी प्रसिद्धी मिळते ती या दोन ओळींना मिळाली नाही. सीमेवरच्या माणसासाठी मात्र त्यांचे मोल त्या निकालांहून कमी नव्हते.

याच सुमारास तालुक्याने फार मोठ्या प्रमाणावर मदतीचा अनुभव घेतला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील औसा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत सर्वाधिक हानी केली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरग्यातच होते. शासन, जागतिक बँक आणि असंख्य संस्था यांनी घरे बांधून दिली आणि जखमींवर उपचार केले. ती मदत मोलाची होती. परंतु आपत्तीतील साहाय्य शासन ठरवील तेवढे असते आणि अपघाताची भरपाई न्यायालयात मागता येते, हा भेद त्या काळात पुसट झाला असण्याची शक्यता आहे; यंत्रात हात गेल्यावर तहसील कार्यालयात अर्ज द्यावा की आयुक्ताकडे दावा लावावा, याविषयीचा गोंधळ ग्रामीण मराठवाड्यात अजूनही दिसतो.

मोजमापाच्या प्रश्नावर पहिले स्पष्ट उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस प्रताप नारायण सिंह देव खटल्यात दिले. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व ठरत होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हा आयुक्ताचा निष्कर्ष न्यायालयाने योग्य ठरवला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात सांगितले गेले. मोटार अपघातांच्या बाबतीत हाच विचार २०१० मधील राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालाने पद्धतशीरपणे मांडला. अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरने पहिल्या दोन सांगाव्यात आणि तिसरी न्यायाधिकरणाने दावेदाराचे काम, वय आणि परिस्थिती पाहून ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. डावा हात गेलेला चालक किंवा सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांची टक्केवारी प्रमाणपत्रावर सारखी असली, तरी नुकसान सारखे नसते.

हा फरक आकड्यांत किती पडतो, हे एका कल्पित उदाहरणाने दिसेल. अठ्ठावीस वर्षांचा, महिना १०,००० रुपये मिळवणारा आणि साठ टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेला ट्रकचालक घेतला, तर त्याचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे उरलेल्या कमाईच्या वर्षांसाठी वार्षिक उत्पन्नाला गुणायची संख्या, ठरवून दिली आहे आणि सव्वीस ते तीस वयासाठी ती १७ आहे. गुणाकार २०,४०,००० येतो. प्रमाणपत्रावरील साठ टक्के जसेच्या तसे घेतले, तर कमाईच्या हानीपोटी १२,२४,००० रुपये मिळतात. आता याला ट्रक चालवता येणारच नाही, हे न्यायाधिकरणाला पटले, तर पूर्ण २०,४०,०००. हा ८,१६,००० रुपयांचा फरक डॉक्टरच्या साक्षीवर, चालक परवान्यावर आणि वकिलाने प्रश्न नेमके विचारण्यावर अवलंबून राहतो. यात भावी उत्पन्नवाढ, उपचार, वेदना आणि कृत्रिम अवयव यांच्या रकमा वेगळ्या धराव्या लागतात.

कृत्रिम अवयवाचा खर्च तर बराच काळ हिशेबात नीट धरलाच जात नव्हता. पुण्याचे सैनिकी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, आणि जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेल्या पायाने उकिडवे बसणे आणि अनवाणी बांधावरून चालणे शक्य केले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. तथापि असा पाय काही वर्षांनी झिजतो, बदलावा लागतो आणि दुरुस्तीही मागतो. भरपाईत आयुष्यभराच्या बदलाचा आणि देखभालीचा खर्च धरला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मोहम्मद साबीर निकालात मान्य केले.

ज्यांना ही सर्व तत्त्वे लागू होत नाहीत, अशी माणसे उमरग्याच्या रस्त्यावर हंगामात रोज दिसतात. मुरूमच्या विठ्ठलसाई कारखान्यासह परिसरातील आणि दूरच्या साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर आणि टेम्पोंत मजूर बसलेले असतात. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी निकालात ठरवले. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षणात आला आहे. त्यामुळे ट्रॉलीतून पडून पाय गमावलेल्या ऊसतोड मजुराला वाहनमालकाविरुद्ध निकाल मिळाला, तरी वसुलीची खात्री राहत नाही. दुसरी वाट १९२३ च्या कायद्यातील बाराव्या कलमाची होती : कंत्राटदारामार्फत मजूर लावले, तरी मूळ काम ज्याचे आहे तो भरपाईला जबाबदार राहतो, असे ते कलम सांगत असे. मुकादमाने उचल देऊन आणलेल्या टोळीला हे कलम लावून घेण्यासाठी लागणारा कागद, म्हणजे मुकादम आणि कारखाना यांच्यातील करार, मजुराच्या हाती नसे. मोटार कायद्याचा विस्तार मालकांच्या विम्याभोवती झाला आणि मजूर कायद्याचा विस्तार हजेरीपटाभोवती. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही तो दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात राहिला. या सर्व इतिहासातील हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

अलीकडच्या बदलांनी काही दिले आणि काही काढून घेतले. २०१९ ची मोटार कायद्याची दुरुस्ती या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळू लागले, पण अर्जाची सहा महिन्यांची मुदत परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून दोन अवयव गेल्यास दोन लाख आणि एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. तिचा लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला आहे, त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीनाला नाही. १९२३ चा कायदाही आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला आहे.

उमरग्यात आज अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय बसते, आणि तालुका न्यायालयाशी संलग्न विधी सेवा समितीही असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमाप्रमाणे अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांनाही तो आहे. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाच्या घरच्यांनी पहिले सहा महिने दवाखान्यात आणि तडजोडीच्या बोलण्यांत घालवण्याआधी पोलिसांतील फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि उपचारांचे कागद जपून ठेवावेत आणि या समितीकडे अर्ज करावा.